पहिलं ‘नको’

इंग्लंड पाहिलंय का, असं कुणी विचारलं की मी हो म्हणते, आणि समोरचा लगेच लंडनबद्दल बोलायला लागतो. मग मला सांगावं लागतं की बाप्पा, लंडन मी पाहिलेलंच नाही, मी यॉर्कला गेले होते, तेही अडीच दिवस, आणि त्यातला जवळजवळ एक दिवस उपाशी होते. लोकांचा चेहरा पडतो. माझी मुलगी तर म्हणते, आई, एवढं लांब जाऊन लंडन सोडून कुणी येतं का. येतं. केतकी गोडबोलेसारखी मैत्रीण असली की येतं.

त्या वेळी आम्ही तिघी जर्सी सिटीत एका उंच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहत होतो. उंच इमारतीत चौथा मजला म्हणजे भाडं कमी, कारण नदी दिसत नाही, समोरच्या इमारतीचा पार्किंगचा मजला दिसतो. खालून मॅनहॅटनला जाणारी ट्रेन गेली की कपाटातली स्टीलची भांडी हळूच किणकिणायची. हिवाळ्यात रेडिएटर पहाटे पाच वाजता ठणठण वाजायचा, इतका की पहिल्या वर्षी मला वाटलं कुणीतरी दार ठोठावून राहिलंय. आणि स्वयंपाकघरातला तो धुराचा अलार्म. फोडणी टाकायची तर एकीनं कढईपाशी आणि दुसरीनं टॉवेल घेऊन अलार्मखाली उभं राहायचं, अशी आमची पद्धत होती. टॉवेल हलवायचं काम बहुतेक रेणूकडे, कारण ती उंच होती आणि तिला फोडणी येत नव्हती.

केतकी पुण्याची, मी नागपूरची. त्यामुळे त्या घरात रोजची लढाई साखरेवरून. ती आमटीत गूळ टाकायची, मी तिची पाठ वळली की तिखट टाकायची, आणि मग दोघी एकमेकींना म्हणायचो, आज जरा बरी झालीय. रविवारी मी पाटोडीचा रस्सा केला की केतकी पहिल्या घासाला डोळे पुसायची, दुसऱ्या घासाला शिव्या द्यायची आणि तिसऱ्यांदा वाढून घ्यायची. रेणूची तऱ्हा तिसरीच. ती शॉमबर्गची, म्हणजे शिकागोजवळच्या उपनगरातली. जन्म तिथला, शाळा तिथली, आई-वडील मूळचे सातारचे. भारतीय किराणा दुकानाच्या काचेवर केतकीनं ‘मराठी मुलगी रूममेट म्हणून हवी’ अशी चिठ्ठी लावली होती, ती वाचून ही आली. आली तेव्हा दारातच म्हणाली, “हाय, मी मराठी आहे. सॉर्ट ऑफ.” तिचं मराठी सगळं तिच्या आईच्या स्वयंपाकघरातलं. वाढ, पुरे, गरम आहे, हात धू, हे झकास यायचं. त्यापलीकडे गेलं की अर्धं इंग्रजी. वरण-भात चमच्यानं खायची आणि वर मेतकूट असं भुरभुरायची की आम्ही त्या डब्यावर झाकणाऐवजी कुलूप लावावं का, यावर चर्चा केली होती.

मी एका कन्सल्टिंग कंपनीच्या व्हिसावर आले होते. म्हणजे पगार त्यांचा, काम दुसऱ्याच्या ऑफिसात. काम चालू आहे तोवर सगळं छान. काम संपलं की ‘बेंचवर’ बसायचं, आणि आमची कंपनी कुणाला फार दिवस बेंचवर ठेवत नसे, सरळ परतीचं तिकीट हातात देत असे. तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी माझ्या मॅनेजरनं सांगितलं की जूनअखेर प्रोजेक्ट बंद. दुसरं काही मिळालं नाही तर नागपूर. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “येऊन राहिली का मग? ये की. तुझ्या खोलीत शिलाई मशीन ठेवलंय, ते काढून घेते.” तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला पुढे बोलवेना. मला परत जायचं नव्हतं. नागपूरशी माझं काही वाकडं नव्हतं, पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पर्समध्ये माझ्या घराची किल्ली होती, माझं काम मला जमत होतं, आवडत होतं, आणि ते असं मधेच कुणीतरी काढून घेणार या विचारानं मला झोप लागत नव्हती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात रेणूनं विचारलं. सकाळची वेळ, ती दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. मॅनहॅटनमध्ये एका फायनान्स कंपनीत ती कामाला होती. म्हणाली, “मनीषा, आमच्या टीममध्ये एक ओपनिंग आहे. नावं द्यायची लास्ट डेट लाँग वीकेंडनंतरचा मंगळवार आहे. तुझं नाव देऊ?”

मी चहाचा कप हातात घेऊन उभी होते. हेच तर मला हवं होतं. आणि तोंडातून काय निघालं, तर, “नको गं, कशाला तुला त्रास.”

“ओके,” ती म्हणाली, दुसरी नाडी बांधली आणि गेली.

मी दाराकडे पाहत राहिले. संध्याकाळी परत विचारेल, असं मी धरून चालले. संध्याकाळी नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या आवडीचे बटाटेपोहे केले आणि पोहे वाढताना, माझं प्रोजेक्ट संपतंय बरं का, असं दोनदा बोलले. ती म्हणाली, “आय नो, सो अनफेअर,” आणि मेतकुटाचा डबा घेतला. आठवडा असा गेला. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. मनात म्हटलं, इथं वाढलेली माणसं अशीच, कोरडी. एकदा विचारलं, कर्तव्य संपलं, हात झटकून मोकळी. केतकीजवळ मी ते बोललेही, आणि केतकी म्हणाली, “जाऊ दे गं, तिला कुठून कळणार.” पण काय कळणार नाही, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

त्याच लाँग वीकेंडची यॉर्कची तिकिटं जानेवारीतच काढून झाली होती आणि त्यांचे पैसे परत मिळणार नव्हते, म्हणून मी गेले. ठरवलं होतं अर्थातच केतकीनं. लंडन सगळेच करतात, हे तिचं म्हणणं, जणू लंडन म्हणजे कुणीही उठून करावा असा साधा उपमा. तिनं चौकोनी वहीत तासातासाचं वेळापत्रक आखलं होतं, त्यात ‘विश्रांती’ असा एक पंधरा मिनिटांचा रकाना होता. वाटेत खायला म्हणून मी दशम्या, लसणाची चटणी आणि चिवडा बांधून घेतला होता. रेणूला विमानात दशमीचा शोध लागला आणि अटलांटिक अर्धा व्हायच्या आत डबा रिकामा झाला. मॅंचेस्टरला उतरून ट्रेननं यॉर्कला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि पोटात कावळे ओरडत होते.

आम्ही एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी उतरलो होतो. लाल विटांचं अरुंद घर, वर दोन खोल्या पाहुण्यांना भाड्यानं दिलेल्या. बाई उंच, पांढरे केस, अंगात ओव्हरकोटासारखा जाड स्वेटर. आम्हाला बैठकीच्या खोलीत बसवून म्हणाल्या, प्रवासानं दमला असाल, चहा करते, सकाळीच लिंबाचा केक केलाय, देऊ का. केतकी आणि मी एका सुरात म्हणालो, “नो नो, प्लीज, त्रास घेऊ नका.” बाई म्हणाल्या, बरं, आणि रेणूकडे वळल्या. रेणू म्हणाली, “यस प्लीज, मला खूप भूक लागलीय.”

ट्रे आला. एक कप, एक बशी, बशीत बोटभर जाडीचा पिवळाजर्द केक, वर साखरेची पातळ पापडी. केतकी खिडकीबाहेर बघायला लागली. मी पडद्याच्या झालरीचे गोंडे मोजायला लागले. बाई आमच्यासमोर खुर्चीत बसून आनंदानं गप्पा मारत होत्या, आणि आता म्हणतील, घ्या हो थोडा तरी, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी उद्याच्या नाश्त्याचं विचारलं. अंडी, टोमॅटो, मश्रूम, टोस्ट, काय काय करू? आम्ही दोघी पुन्हा म्हणालो, छे छे, नुसता चहा पुरे. आता तुम्ही म्हणाल, एकदा ठेच लागल्यावर शहाणं होऊ नये का. पण ही सवय डोक्यात नसते, जिभेतच असते. त्या संध्याकाळी आम्ही कागदात गुंडाळलेल्या बटाट्याच्या काचऱ्यांवर भागवलं, त्याही केतकीच्या वेळापत्रकात जेवणाची वेळ टळून गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर रेणूपुढे थाळीएवढी बशी आली आणि आमच्यापुढे दोन कप चहा. नुसता. बाईंनी शब्द अगदी तंतोतंत पाळला होता.

“तुम्हाला भूक नाही?” रेणूनं विचारलं.

“भूक?” केतकी म्हणाली. “जीव चाललाय माझा. तो टोस्ट इकडे दे.”

रेणूनं काटा खाली ठेवला. “मग नो का म्हणालात?”

केतकीनं टोस्टचा तुकडा गिळला आणि पुणेरी मास्तरणीसारखी सरसावून बसली. “हे बघ. कुणी विचारलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. ते मॅनर्स असतात. मग ते परत विचारतात. तेव्हा आपण म्हणायचं, नको, खरंच नको. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, बरं, अगदी थोडंसं द्या.”

“आणि त्यांनी परत विचारलं नाही तर?”

“विचारतातच.”

“आणि खरंच नको असेल तर काय म्हणायचं?”

“तेव्हाही नकोच.”

“मग समोरच्याला कळणार कसं?”

“कळतं,” केतकी म्हणाली, आणि रेणूच्या बशीतलं अर्धं अंडं उचललं. रेणू इतकी हसली की तिला ठसका लागला. बाई स्वयंपाकघरातून डोकावून गेल्या. मी मात्र हसू शकले नाही. हातातला चहा तसाच धरून मी बसले होते, आणि नाड्या बांधत ‘ओके’ म्हणणारी रेणू मला दिसत होती. हिनं हात झटकले नव्हते. हिला वाटलं होतं, मला ती नोकरी नको आहे. आणि आज रविवार होता, नावं द्यायची मुदत मंगळवारी.

म्हणजे आता मलाच मागायला हवं होतं. हे लिहिताना सोपं वाटतं. आमच्या घरात कुणी तोंडानं काही मागितल्याचं मला आठवत नाही. चप्पल तुटली की ती बाबांना दिसेल अशी दारात ठेवायची, आणि दोन दिवसांनी नवी येऊन पडायची. सणाला साडी हवी असली की आई शेजारणीच्या साडीचं कौतुक करायची. मागणं म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकणं, आणि त्यानं नाही म्हटलं तर आपलं तोंड कुठं लपवायचं. पंचवीस वर्षं अशी काढलेल्या मुलीनं, माझं नाव दे, असं आपण होऊन म्हणायचं, तेही आपण एकदा नाकारलेल्या गोष्टीसाठी.

त्या दिवशी आम्ही तिथलं प्रचंड मोठं चर्च पाहिलं, त्याला मिन्स्टर म्हणतात. मनोऱ्यावर चढायला गोल अरुंद दगडी जिना, पुढे केतकी पायऱ्या मोजतेय, मधे रेणू, मागे मी. जिन्यातच विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, पण दम इतका लागला होता की नुसतं “रेणू…” एवढंच निघालं आणि ती वळून म्हणाली, “पाणी?” वर गावाची लाल छपरं, पलीकडे हिरवी सपाट शेतं, वारा असा की केतकीची वही उडता उडता वाचली. मग शॅम्बल्स नावाची जुनी गल्ली. घरांचे वरचे मजले दोन्ही बाजूंनी इतके पुढे आलेत की वरच्या खिडकीतून समोरच्या घरात वाटी देता यावी. तिथे चॉकलेटच्या दुकानापुढे मी पुन्हा धीर केला. “रेणू, तुमच्या ऑफिसात ना…” तिनं हात वर केला. “नो ऑफिस टॉक. सुट्टी आहे.” झालं. मी तोंडात चॉकलेट टाकलं आणि पुढे चालू लागले.

दुपारी गावाच्या तटावर गेलो. यॉर्कभोवती जुना दगडी तट आहे आणि त्यावरून चालत जाता येतं. वाट दोन माणसांच्या रुंदीची, आतल्या बाजूला कठडासुद्धा नाही, खाली लोकांच्या बागा, वाळत घातलेले कपडे, एका ठिकाणी गवतावर झोपलेलं जाडजूड मांजर. केतकी लहानपणापासून दर रविवारी सिंहगड चढलेली. तिनं तटावरून एक नजर फिरवली आणि म्हणाली, “हा तट नाही गं, कुंपण आहे,” आणि फोटो काढायला तरातरा पुढे गेली. मी आणि रेणू मागे राहिलो. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. जमलं तर बघ, घाई नाही, तुला अडचण नसेल तर, अशी सगळी लोणची-पापडं त्यात होती. मग वाटलं, हे सगळं ऐकून ही पुन्हा ‘ओके’ म्हणेल आणि मी नागपूरला शिलाई मशीनच्या शेजारी झोपेन.

“रेणू,” मी म्हटलं, “मला ती नोकरी हवी आहे. माझं नाव दे.”

ती थांबली. “पण तू नो म्हणालीस.”

“ते पहिलं नको होतं.”

तिला उलगडायला थोडा वेळ लागला. ती भिंतीच्या एका कोनाड्यात दगडावर बसली. मला वाटलं, चिडली. पुढचं बोलली ते नोकरीचं नव्हतंच.

“आणि थँक्सगिव्हिंग?” ती म्हणाली. “मी तुला शॉमबर्गला चल म्हटलं. दोन्ही वर्षी. तू नको म्हणालीस. माझा निळा कोट घे म्हटलं, तू नको म्हणालीस आणि तो विचित्र पातळ कोट घालून हिवाळा काढलास. माझ्या बर्थडेला डिनरला चल म्हटलं…” तिचा आवाज चिरकला. “मला वाटलं मी तुला आवडत नाही. केतकी तुझी मैत्रीण, आणि मी फक्त रेंट शेअर करते.”

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या त्या घरोघरीच्या सणाच्या, दोन्ही सुट्ट्या मी त्या घरात एकटीनं काढल्या होत्या. केतकी तिच्या मामाकडे बॉस्टनला, रेणू शॉमबर्गला, आणि मी खिचडी खाऊन टीव्हीसमोर. दुसऱ्या वर्षी तर कुकरची शिट्टी झाली आणि तेवढ्यावरून रडू फुटलं होतं मला. निळा कोट ती ऑफिसला गेली की मी आरशासमोर घालून पाहत असे. हे सगळं मी तिला तिथं, त्या तटावर सांगितलं, कोटासकट. ती हसतही होती आणि नाकही पुसत होती. मी म्हटलं, “वेडी आहेस का तू? खूप आवडतेस तू मला.” असं वाक्य मी तोवर कुणालाच बोलले नव्हते, माझ्या आईलासुद्धा नाही. कान तापले माझे. तेवढ्यात केतकी धावत परत आली, “काय झालं? कोण पडलं?” म्हणत, आणि आम्हा दोघींना रडताना पाहून आधी तिनं तटाखाली वाकून पाहिलं, कॅमेरा पडला की काय म्हणून.

त्या संध्याकाळी बाईंनी केकचं विचारलं तेव्हा आम्ही त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

नोकरीचं सांगायचं तर रेणूनं शुक्रवारीच ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाच्या ओळखीतल्या माणसाचं नाव पुढे केलं होतं. परतीच्या विमानात ती मला स्वच्छ म्हणाली, दोन नावं देता येतात, मंगळवारी तुझं देते, पण प्रॉमिस नाही. मला ते आवडलं, कारण ती प्रॉमिस नाही म्हणाली म्हणजे प्रॉमिस नव्हतं, आणि नाव देते म्हणाली म्हणजे देणार होती. दोन मुलाखती झाल्या. दुसऱ्या मुलाखतीत एका गृहस्थानं विचारलं, हे काम तुम्हाला का हवंय? मी सांगितलं, मला या कामातलं चांगलं कळतं आणि मला इथं राहायचं आहे. पूर्वी हे बोलायला मला तीन महिने लागले असते. जून संपायच्या आत पत्र आलं. आईला कळवलं तेव्हा ती म्हणाली, “बरं, मशीन राहू देते मग तिथंच.” पुढची नऊ वर्षं मी त्या कंपनीत काढली. आज अमेरिकेतल्याच शुगर लँड गावच्या उकाड्यात, एसीच्या घरघरीत बसून हे लिहिते आहे, त्याचीही सुरुवात त्याच पत्रापासून झाली.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगला, मी रेणूबरोबर शॉमबर्गला गेले. विमानतळावर रेणूचे बाबा न्यायला आले होते. घराशी पोहोचलो तर दार आधीच उघडं, दारात तिची आई, हाताला पीठ, मागून भाजणीचा खमंग वास. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, “काकू, दोन वर्षं तुम्ही बोलावत होतात. मी आले नाही. चुकलंच माझं.”

“अगं, तुझं काय चुकलं,” काकू म्हणाल्या. “मी दोन्ही वर्षं हिच्या मागे लागले होते. म्हटलं, मुलगी नागपूरची आहे, पहिल्यांदा नको म्हणणारच, तू परत विचार. तर ही काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, आई, मी परत विचारलं तर तिला पुन्हा नाही म्हणावं लागेल, आणि तिला किती ऑकवर्ड होईल. तिला नाही यायचं तर नाही, तिला त्रास नको. आणि फोनवरच रडली बाई पोरगी.”

जिला मी कोरडी म्हटलं होतं, ती हीच. मी बूटसुद्धा काढले नव्हते, तशीच पायपुसण्यावर उभी राहून रडायला लागले. काकू पिठाच्या हातानं माझी पाठ चोळत राहिल्या. बॅग घेऊन जिना चढत असलेली रेणू वरूनच ओरडली, “मॉम, व्हाय इज शी क्राइंग?”

“तुझ्यामुळे,” मी म्हटलं.